टेबल धरायला यांना बसवलं

चौकातल्या टेबलावर टिश्यूचं एक पाकीट होतं आणि खुर्ची रिकामी होती. मी हातात ट्रे घेऊन उभी, माझ्यामागे मुलगा, त्याच्यामागे नात. तिघांनी एकदमच पाहिलं. ज्यांना टेबल धरायला बसवून आम्ही आत गेलो होतो, ते आमचे हे तिथे नव्हते.

हे म्हणजे माझे यजमान. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नाव घ्यायची सवय लागली नाही, तर आता कागदावर काय घेणार! पण असं मधूनच सुरू करून चालायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

आम्ही दोघं सिंगापूरला, बिशानमध्ये मुलाच्या फ्लॅटवर राहतो. हे जहाजावर चीफ इंजिनिअर होते, त्यामुळे या बंदराशी आमची जुनीच ओळख. पुढे मुलगा इथेच नोकरीला लागला. सून नोव्हेनाला एका इस्पितळात काम करते, नात इथल्या शाळेत. नातीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं आणि शेपटाला 'लाह' असतं. "आजी, इनफ लाह" म्हणजे पोळी पुरे.

इथे हॉकर सेंटर म्हणून असतं. एका मोठ्या छपराखाली खाण्याची ओळीने दुकानं आणि मधे टेबलं. जेवणाच्या वेळेला जागा मिळायची मारामार. मग रीत अशी की आधी टेबल धरायचं आणि मग रांगेत जायचं. टेबल धरायचं म्हणजे त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवून द्यायचं. बास. कोणी छत्री ठेवतं, कोणी ऑफिसचं गळ्यातलं कार्ड ठेवतं. याला इथे 'चोप करणं' म्हणतात. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही, की त्या टेबलावर कोणी बसत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. मी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली बाई. आपल्याकडे त्या रुमालावर बसून वर "कुठला रुमाल?" असं विचारणारे महाभाग असतात.

तर आमच्या घरात टेबल धरायचं काम यांचं. दर शनिवारी आम्ही सगळे खाली जातो, हे खुर्चीत बसतात, खिशातून पाकीट काढून टेबलाच्या मधोमध ठेवतात. मी म्हणते, "अहो, तुम्ही स्वतः बसलाय ना, मग पाकीट कशाला?" तर म्हणतात, "माणसाचा काय भरवसा? त्याला लघवीला जावं लागतं."

गेल्या वर्षापासून यांना विस्मरण सुरू झालं. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं नव्हे, तेवढं तर माझंही आहे. एके दिवशी सकाळी फिरायला गेले ते जेवणाची वेळ टळली तरी आले नाहीत. शेवटी पोलिसांची गाडी घेऊन आली. आंग मो किओला, जिथे कारखाने आहेत तिथे, एका फाटकासमोर उभे होते म्हणे, इस्त्रीचा शर्ट घालून. आत सोडत नाहीत म्हणून रखवालदारावर चिडले होते. "माझी वॉच सुरू झाली आहे," असं त्याला सांगत होते. जहाजावर पाळीला वॉच म्हणतात.

सुनेने डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टरबाईंनी कागद दिला आणि म्हणाल्या, घड्याळ काढा. यांनी वर्तुळ असं काढलं की कंपासने काढावं. मी मनात म्हटलं, बघा आता, इंजिनिअर आहेत म्हटलं! आणि मग यांनी आकडे लिहायला घेतले. सगळे आकडे उजवीकडे, एकावर एक दाटीवाटीने. डावी बाजू कोरी. हे कागद बाईंकडे सरकवून ऐटीत बसले.  मी त्या अर्ध्या कोऱ्या घड्याळाकडे बघतच राहिले.

घरी आल्यावर मुलाने यांच्याकडून दाराची किल्ली काढून घेतली. आमच्याकडे लाकडी दाराबाहेर लोखंडी जाळीचं दार असतं, त्याला कुलूप.

"मी काय कैदेत आहे?" हे म्हणाले.

"कैद कसली बाबा? तुमच्या भल्यासाठीच आहे."

"कैद्यालाही तेच सांगतात."

त्यानंतर हे जाळीशी खुर्ची टाकून बसायला लागले. बोलणं कमी. येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला बघत बसायचे. ज्या माणसाने सगळ्या पृथ्वीला फेऱ्या घातल्या, तो कॉरिडॉरमधल्या चपला मोजतोय, हे मला बघवेना.

इटलीची तिकिटं त्याआधीच काढलेली होती. यांचीच फार वर्षांची इच्छा. तिथल्या बंदरात हे किती वेळा गेले असतील, पण इंजिनवाल्या माणसाला बंदर म्हणजे क्रेन आणि तेलाचे पाइप. जहाज नांगर टाकून उभं असलं की डेकवरून दुर्बिणीतून दूर डोंगराच्या डोक्यावर तटबंदीचं गाव दिसायचं म्हणे. घरी आले की मला सांगायचे, "तुला एकदा त्या भिंतीच्या आत नेणार." मुलगा म्हणाला, रद्द करू. मी म्हटलं, मुळीच नाही. सुनेला रजा नव्हती, तेव्हा ठरलं की आम्ही चौघं जायचं.

निघायच्या आधी मुलगा यांच्यासमोर बसला. "बाबा, तिकडे सगळं नीट पार पडलं तर आल्यावर किल्ली तुमची तुम्हाला. पण एकदा जरी चुकलात, तर मग किल्लीचं नाव काढायचं नाही. विस्मरणाच्या माणसांना दिवसभर सांभाळणारं केंद्र बघून ठेवलंय, तिथे जायचं."

हे उठून उभे राहिले आणि मुलाशी हात मिळवला. एखाद्या कप्तानाशी मिळवावा तसा. मला वाटलं, उद्यापर्यंत विसरतील. नाही विसरले. विमानात माझ्या कानाशी लागून म्हणाले, "किल्ली तो स्वतःच्या जुडग्यात ठेवतो. पँटच्या डाव्या खिशात." सुनेने मला बजावून पाठवलं होतं, "आई, एक मिनिटसुद्धा एकटं सोडायचं नाही." मी यांच्या प्रत्येक शर्टाला आतून कापडाचा तुकडा शिवला होता, त्यावर मुलाचा फोन नंबर.

त्या गावाचं नाव माझ्या जिभेवर बसलं नाही, आणि न बसलेलंच बरं. मोटार खालीच ठेवावी लागते, वर चालत. काय तो चढ! आणि वाटेत सगळे दगड, गुळगुळीत झालेले. मला सिंगापूरने लिफ्टची इतकी सवय लावलीय की मी मुलाला विचारलं, "लिफ्ट कुठल्या बाजूला आहे?" तो हसायलाच लागला. हे मात्र मागे हात बांधून, जिना चढल्यासारखे एका लयीत वर. मी धापा टाकतेय तर म्हणाले, "इंजिनरूमचे जिने चढलीस का कधी? हे काहीच नाही."

वेशीच्या कमानीत वर एक भोक होतं. हे मान वर करून बघत राहिले.

"इथून उकळतं तेल ओतायचे," म्हणाले.

"कोणावर हो?"

"पाहुण्यांवर."

नात खो खो हसली. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. माणूस विनोद करतोय म्हणजे जागेवर आहे, असं मी धरून चालत असे.

आत गेले आणि मी थक्कच झाले. मला किल्ला म्हटलं की पडका बुरूज, पाण्याचं टाकं आणि माठातलं ताक विकणारी बाई एवढंच ठाऊक. इथे किल्ल्यात माणसं राहत होती! बुरुजाला लागून कोणाचं तरी स्वयंपाकघर, आतून कांदा परतल्याचा वास. जिथून बाण मारायचे त्या फटीतून दोरी बाहेर आलेली आणि तिच्यावर बनियन वाळत घातलेले. गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन घरांना लागावेत. पण हालचाल कुठे नाही. एका दारात एक म्हातारी, पुढच्या दारात दुसरी म्हातारी. तरुण माणूस म्हणून दिसेना.

"इथली मुलं कुठे गेली?" मी विचारलं.

"नोकरीला बाहेर गेली असतील," मुलगा म्हणाला. मग आमचं आम्हालाच काहीतरी लागलं.

तट बघायला एका ठिकाणी वर चढलो. खाली द्राक्षांचे मळे, लांबवर धुरकट डोंगर, सगळं चित्रासारखं. पण कठडा बघितला आणि मी यांच्या शर्टाचं टोकच धरलं. गुडघ्याएवढा कठडा! पलीकडे सरळ कडा. सिंगापूरमध्ये असा कठडा असता तर चार भाषांत पाटी लावून वर जाळी ठोकली असती.

मग देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च. आत गारवा होता. एका कोनाड्यात चांदीच्या स्टँडवर काचेची नळी आणि त्यात काळपट, सुरकुतलेलं असं काहीतरी उभं ठेवलेलं. पुढे दिवा.

मी म्हटलं, "यांच्यातही हळकुंड पुजतात वाटतं."

मुलाने खालची पाटी फोनवर धरून वाचली. वाचून झाल्यावर जरा घुटमळला. "आई, ते बोट आहे."

"बोट? कसलं बोट?"

"इथल्या एका संताचं."

"म्हणजे लाकडाचं केलेलं?"

"नाही गं. खरं. त्यांचं स्वतःचं."

मी जी दोन पावलं मागे सरकले ती बाकाला आपटले. मी त्याला हात जोडले होते हो! हळकुंड समजून! नात काचेला नाक लावून उभी, "ओ माय गॉड, सो कूल, देअर इज अ नेल, आजी!" आणि हे अगदी गंभीरपणे मुलाला विचारतात, "बाकीचे कुठे आहेत?" जसे काही ते गृहस्थ जेवायला येणार होते. मी बाहेर येऊन बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, मग पायही धुतले. देवमाणसाचं असलं म्हणून काय झालं, मेलेल्या माणसाचं बोट ते.

तर अशी मी आधीच हादरलेली, आणि सगळ्यांना भूक लागलेली. चौकात एकच दुकान उघडं होतं. आत काउंटरवर घ्यायचं आणि बाहेर येऊन बसायचं. सावलीत एकच टेबल मोकळं. पुढे जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. मुलाने खुर्ची ओढली, "बाबा, बसा." हे बसले. खिशातून पाकीट काढून मधोमध ठेवलं. आणि आम्ही तिघं आत गेलो. दर शनिवारी जातो तसे. एक मिनिटसुद्धा सोडू नका म्हणून सुनेने सांगितलेलं, शर्टाला नंबर शिवलेला, सगळं केलेलं. पण हे टेबल धरून बसले आहेत म्हणजे ते एकटे आहेत असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. टेबल धरणारा माणूस हलतो कुठे?

आत मला मांस नको, मासा नको हे समजावण्यात वेळ गेला. काउंटरवरच्या बाईने मान डोलावली आणि गुलाबी मांसाचा एक काप उचलून दाखवला. इतका पातळ की तिच्या मते तो मांसात धरण्याजोगाच नव्हता. मी "नो नो" करत हात हलवते, मुलगा फोनवर भाषांतर शोधतो, नातीचं ठरत नाही. शेवटी चीज-टोमॅटोचे पाव घेऊन बाहेर आलो. आणि बघतो तर पाकीट.

"बाबा!" मुलाने हाक मारली. चारी बाजूंच्या दगडी भिंतींनी ती हाक परत दिली. कोणी खिडकीतूनही डोकावलं नाही.

"आई, तू त्यांच्याजवळ होतीस ना?"

"अरे, मी तुझ्यामागेच तर होते!"

"मला वाटलं..."

"मलाही वाटलं..."

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? किल्ली गेली. आता हे जन्मभर जाळीमागे बसणार. माणूस हरवलाय, हे नंतर आलं. आणि ते आलं तेव्हा तो गुडघ्याएवढा कठडा डोळ्यांपुढे आला.  नातीने ट्रे माझ्या हातून काढून घेतला.

"चल, मी खाली वेशीकडे जातो, रस्ता आहे तिकडे," मुलगा म्हणाला. "तू हिच्याबरोबर वर बघ."

"मी इथेच थांबते," मी म्हटलं.

"इथे? इथे थांबून काय करणार?"

"त्यांनी पाकीट ठेवलंय. टेबल धरून गेलेत. म्हणजे परत येणार."

"आई! हे बिशान नाहीये!" तो माझ्यावर ओरडला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मग धावत सुटला. नात चर्चच्या गल्लीने पळाली, जाताना म्हणाली, "आजी, डोन्ट मूव्ह, ओके? यू ऑल्सो डोन्ट गेट लॉस्ट."

मी बसले. त्याच खुर्चीत. खरं सांगायचं तर पाय चालतच नव्हते, तेव्हा श्रद्धा वगैरे सगळं नंतरचं. चौकातून चार गल्ल्या निघत होत्या, मी एकीकडे बघावं तर दुसरीची भीती वाटायची. तेवढ्यात दुकानातली बाई फडकं घेऊन आली, शेजारची टेबलं पुसली आणि आमच्या टेबलावरचं पाकीट कचरा म्हणून उचललं. मी तिचं मनगट धरलं. "ठेवा ते! आधी ठेवा!" चक्क मराठीत. ती घाबरली. गच्च धरलं होतं मी, सोडायला सुचेना. तिने पाकीट हळूच होतं तिथे ठेवलं, माझ्याकडे बघत बघत आत गेली आणि थोड्या वेळाने शटर ओढून घेतलं. दुपारची झोप. पुण्यात अर्धं आयुष्य काढलेल्या बाईला दुपारी दुकान बंद होण्याचं काय नवल? पण आता चौकात मी, एक मांजर आणि चार माणसांचे पाव.

किती वेळ गेला माहीत नाही. मी पाकिटाकडे बघत होते. त्यावर बिशानच्या दुकानाचं नाव होतं.

मग उजवीकडच्या गल्लीतून एक हात दिसला. आधी हातच. भिंतीवरून सरकत येणारा, पालथा, बोटांची मागची बाजू दगडाला लागलेली. त्यामागून हे आले. शांतपणे. चौकात आले, टेबलापाशी थांबले, आणि मला म्हणाले, "एकटीच? बाकीचे कुठे उंडारायला गेले? टेबल धरलंय ना मी?"

मी उठून यांची बाही धरली.

"अहो... कुठे... कुठे गेला होतात?"

"राउंड घेऊन आलो."

"कसला राउंड?"

"गावाचा. भिंत आहे ना. भिंतीला हात लावून निघालो, भिंतीला हात लावून आलो. हरवायला जागा कुठे आहे इथे?" आणि हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर पांढरी धूळ.

हे मी बघितलेलं होतं. लग्नानंतर एकदा यांच्याबरोबर जहाजावरून गेले होते, तेव्हा. पाळी सुरू झाली की इंजिनिअर आख्ख्या इंजिनरूमला फेरी घालतो, प्रत्येक पाइपला, प्रत्येक बेअरिंगला पालथा हात लावत. पालथाच का, तर तापलेलं असलं की हात आपोआप मागे येतो. आणि जिथून निघाला तिथे येऊन थांबतो. या माणसाला घड्याळात नऊ कुठे लिहायचे ते आठवत नव्हतं, पण आख्ख्या गावाची फेरी याच्या हाताला आठवत होती.

मी रडले की हसले ते मला ठाऊक नाही. यांच्या दंडावर एक जोरात फटका मात्र मारला.

मुलगा आला तेव्हा घामाने निथळत होता. वेशीपर्यंत, तिथून मोटारीपर्यंत आणि परत वर. यांना बघून तो जागीच थांबला. मग येऊन खुर्चीत धपकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. नातीने येऊन आजोबांना मागून मिठी मारली.

"घामेजलास किती! पाणी पी," हे मुलाला म्हणाले. "आणि काय रे, मी टेबल सोडून गेलो नाही. पाकीट ठेवून गेलो. आलो की नाही परत? मग चुकलो का मी? सांग."

मुलगा डाव्या खिशावर हात ठेवून बसला.

पाव वाळून कडक झाले होते. आम्ही ते खायला घेतले. यांनी भुकेने दोन खाल्ले, तोंड पुसलं, टिश्यूचं पाकीट परत खिशात घातलं. आणि मग अगदी सहज, वाट बघून कंटाळल्यासारखं, मुलाला विचारलं, "शिप किती वाजता सुटतंय? गँगवेची शिडी काढायच्या आत पोचायला हवं. तुम्ही कुठल्या कंपनीचे?"

'तुम्ही' म्हणाले. पोटच्या पोराला.

मी इतका वेळ हादरलेली होते, पण ते वरवरचं होतं हे मला तेव्हा कळलं. मुलाच्या हातातला पाव तसाच राहिला. मघाशी ज्या माणसाने गावाला फेरी घालून जागा बरोबर गाठली, तोच हा. मग ती फेरी त्यांनी शुद्धीवर राहून घातली होती, की मनाने जहाजावर जाऊन? मला आजही ठरवता येत नाही.

नातीनेच उत्तर दिलं. "नॉट येट, आजोबा. स्टिल गॉट टाइम. ईट फर्स्ट लाह."

"ओके," हे म्हणाले आणि तिसरा पाव उचलला.

उतरताना मुलाने यांचा एक हात धरला होता. दुसरा हात यांनी वेशीपर्यंत भिंतीवरून काढला नाही.

घरी आल्यावर किल्लीचा विषय कोणी काढेना. हेही काढेनात, आणि तेच मला जास्त लागलं. जाळीशी खुर्ची पुन्हा आली. केंद्राचे कागद टेबलावर आले. सून म्हणाली, "आई, तुम्हीच सांगा, काय करायचं?" मी काय सांगणार? मला दोन्ही दिसत होतं, ती धुळीची पेरं आणि तो 'तुम्ही'.

पण एक सुचलं. आमच्या ब्लॉकला लागून शाळा आहे, तिला सगळीकडून लोखंडी कुंपण. लिफ्टमधून उतरलं की समोर कुंपणाचा कोपरा, आणि कुंपण धरून चालत राहिलं की शाळेला वळसा घालून पुन्हा त्याच कोपऱ्याशी. मधे मोटारीचा रस्ता नाही, सगळी पायवाट. फाटक तेवढं मधे येतं, पण तेही शाळा भरेपर्यंत बंदच. मी यांना रोज सकाळी तिथे न्यायला लागले. पहिले काही दिवस शेजारून, मग मागून, मग आणखी मागून. काय करायचं ते यांना सांगावं लागलं नाही. हात आपोआप पालथा झाला.

एका सकाळी मी आंघोळीला गेले होते आणि सून कामाला निघताना जाळी नुसती ओढून गेली, कुलूप लावायचं राहिलं. बाहेर आले तर खुर्ची रिकामी आणि खुर्चीवर टिश्यूचं पाकीट.

"गेले!" मी ओरडले. मुलगा ऑफिसला निघायच्या तयारीत, एका पायात बूट. त्याचा चेहरा पुन्हा त्या चौकातला. "झालं! पुन्हा तेच! मी म्हणत होतो ना आई, नाही जमणार हे!" एक बूट तसाच टाकून तो लिफ्टकडे धावला. मी त्याच्यामागे, ओल्या केसांनी.

लिफ्ट उघडली आणि आत हे उभे. वर येत होते. उजवा हात अंगापासून लांब धरलेला, बोटांच्या मागून मनगटापर्यंत हिरवागार.

"अहो, हे काय?"

"कुंपणाला रंग लावतायत. ओला आहे."

"बाबा, मग पाटी असेल ना तिथे?" मुलगा म्हणाला. "जागोजागी लावतात इथे."

"होती की. वाचली मी."

"वाचलीत? मग हात का लावलात?"

यांनी मुलाकडे असं बघितलं की जणू नवीन लागलेल्या ज्युनिअरने भलतंच काही विचारलंय. "हात काढला तर राउंड मोडतो ना रे, बाळा."

बाळा म्हणाले.

मुलगा एका बुटात तिथेच उभा. मग डाव्या खिशात हात घालून त्याने जुडगा काढला. किल्ली कडीतून निघता निघेना, नख मोडलं त्याचं. निघाल्यावर ती त्याने यांच्या हातात ठेवली.

"फक्त शाळेला फेरी, बाबा. दुसरीकडे कुठे नाही."

"दुसरीकडे भिंत कुठे आहे?" हे म्हणाले आणि किल्ली त्याच हिरव्या हाताने खिशात घातली. शर्ट गेला तो गेला. केंद्राचे कागद सुनेने कुठे ठेवले ते मी विचारलं नाही. लागतील कधीतरी, मला ठाऊक आहे.

आता रोज सकाळी हे गेले की मी कॉरिडॉरच्या कठड्याशी उभी राहते. शाळेच्या मागची बाजू इथून दिसत नाही. तेवढा वेळ माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहतो. पलीकडच्या कोपऱ्यावर आधी हात दिसतो, मग हे. मुलाचा ऑफिसातून फोन येतो, "आले?" मी सांगते, "हात आला."